पाण्यात गाडी घालायची? आधी खाली उतरा

मागच्या पावसाळ्यात इथे इंदूरला भाच्याने थार घेतली. डिलिव्हरीनंतरच्या दुसऱ्याच रविवारी सकाळी फोन, "मावशी, चोरलला चाललोय, नदीतून गाडी काढायची आहे, येतेस का?" मी विचारलं पाणी किती आहे, तर म्हणे ते तिथे गेल्यावर कळेल, पण आपल्या गाडीचं साडेसहाशे आहे.

साडेसहाशे म्हणजे ६५० मिलिमीटर, एवढ्या खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते असं. थारसाठी कंपनी देते तो आकडा, फोर्स गुरखाचा ७०० आहे. आकडा खरा आहे, वाद नाही, पण तो फक्त खोली सांगतो. पाणी वाहतंय का, किती जोरात वाहतंय, खाली गोटे आहेत का गाळ, पलीकडचा काठ चढता येतो का, यातलं काहीच त्यात नाही. मी गेले त्याच्याबरोबर आणि पहिला दीड तास त्याला स्टिअरिंगवर बसूच दिलं नाही. त्या दीड तासात जे बोलणं झालं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण आमच्या कॉलनीतच आता चार फोर बाय फोर उभ्या आहेत आणि पाऊस पडला की चौघांचेही हात शिवशिवतात.

माझ्याबद्दल एवढंच की जुनी पेट्रोल जिप्सी बरीच वर्षं चालवली आणि एक इंजिन पाण्यात घालवलं, ती गोष्ट पुढे येईल. बाकी सर्टिफिकेट वगैरे काही नाही.

फोर बाय फोरने काय होतं आणि काय नाही

चारही चाकांना ताकद मिळते, म्हणजे गाळात किंवा गोट्यांवर एखादं चाक नुसतं फिरत राहिलं तरी बाकीची ओढून नेतात. बस एवढंच. त्याने गाडी जड होत नाही. आणि वाहत्या पाण्यात गाडी जागेवर राहते ती वजनामुळे, टायर जमिनीवर दाबले जातात म्हणून, आणि पाणी नेमकं तेच वजन काढून घेतं.

हिशोब सोपा आहे. गाडीचा तळ पाच चौरस मीटर धरा. पाणी तळाला टेकलं की त्यापुढे दर १० सेंटिमीटरला जवळजवळ ५०० किलो वजन पाणी स्वतःवर घेतं, जोपर्यंत ते केबिनच्या आत शिरत नाही तोपर्यंत. पावणेदोन टनाची गाडी असेल तर तळाच्या वर ३५ सेंटिमीटरला ती होडी झाली. प्रत्यक्षात दारातून पाणी झिरपतं म्हणून इतकं चोख होत नाही, पण टायर हलके पडायला त्याच्या खूप आधीच सुरुवात होते. म्हणून जुने लोक कधी कधी मुद्दाम दार किलकिलं करून पाणी आत घेतात, गाडी बसावी म्हणून. ऐकायला वेडेपणा वाटतो, आहे मात्र बरोबर.

आता बाजूचा धक्का. चार मीटर लांब गाडी, अर्धा मीटर पाण्यात, आणि पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने आडवं येतंय, तर साधारण १०० किलोचा रेटा बसतो. वेग २ मीटर झाला की रेटा २०० नाही, ४०० किलो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वरून उचललं जातंय, बाजूने ढकललं जातंय, दोन्ही एकदम. हॅचबॅक तर फुटभर वाहत्या पाण्यातही तरंगू शकते, आणि दोन फूट वाहतं पाणी बहुतेक एसयूव्ही घेऊन जातं.

घरी, कोरड्यात करायची कामं

एक. बॉनेट उघडा आणि इंजिन हवा कुठून ओढतं ते तोंड शोधा. एअर फिल्टरचा डबा दिसेल, त्याच्यापासून पाइप उलटा धरत पुढे जा, बहुतेक हेडलाइटच्या मागे किंवा फेंडरमध्ये संपतो. त्या तोंडाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. हीच तुमच्या गाडीची खरी हद्द, आणि लाट उसळते म्हणून त्यातूनही वीतभर वजा. स्नॉर्केल, म्हणजे टपापर्यंत जाणारं हवेचं नळकांडं, लावलं असेल तर ते फक्त हे तोंड वर नेतं, तुमचं वजन किंवा वायरिंग वर नेत नाही. आणि त्याचे जोड हवाबंद केलेले नसतील तर ते नुसतं शोभेचं नळकांडं.

दोन, ब्रीदर. हे नवीन लोकांना कोणी सांगतच नाही. दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा), सगळ्यांना छोटी श्वासाची नळी असते कारण आतलं तेल तापलं की हवा फुगते. तीस किलोमीटर घाट उतरून आलेला गरम डिफरन्शियल, म्हणजे अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा, एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी आत ओढून घेते. तुम्हाला काही कळत नाही, गाडी मस्त चालते, आणि काही महिन्यांनी गिअर ओरडायला लागतात. ब्रीदरना लांब रबरी नळी जोडून इंजिनच्या मागच्या पत्र्यापर्यंत वर नेऊन टायने बांधायची, चांगल्या मेकॅनिकचं एका दुपारचं काम आहे.

तीन, ओढायचं सामान. गाडीला पुढे-मागे रिकव्हरी पॉइंट, म्हणजे फसलेली गाडी ओढायच्या पक्क्या जागा, कुठे आहेत ते हात लावून बघा, ट्रान्सपोर्टच्या वेळी गाडी बांधायचा पातळ हुक वेगळा, तो ओढायला नाही. एक चांगला पट्टा आणि दोन बो शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या, पाऊण इंची, ज्यावर ४.७५ टन कोरलेलं असतं. बाजारात तसेच दिसणारे नुसते रंगवलेले मिळतात, ज्यावर आकडाच नाही ते घेऊ नका. आणि टो-बॉलला, म्हणजे मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, पट्टा कधीच अडकवायचा नाही, तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो आणि मागच्या गाडीची काच फोडून आत जातो.

चार, काठी. माझी साधी बांबूची आहे, खांद्याएवढी. तिच्यावर केसांचे तीन रबर बँड चढवलेत. पहिला चाकाच्या मध्यावर, थारच्या १८ इंची चाकाला तो साधारण ३८ सेंटिमीटरवर येतो. दुसरा दाराच्या उंबऱ्यावर. तिसरा कंपनीच्या आकड्यावर. प्रत्येकाने आपल्या गाडीशेजारी काठी उभी करून स्वतःचे बँड लावायचे, दुसऱ्याची काठी चालत नाही. माझे नियम असे: एकटी असेन तर पहिल्या बँडपर्यंत. दुसरी गाडी सोबत असेल आणि पाणी जवळजवळ थांबलेलं असेल तर दुसऱ्यापर्यंत. तिसरा बँड हा परत फिरण्यासाठी आहे.

ताडपत्रीचा एक तुकडा, दोर, कोरडे कपडे, मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि काच फोडायची छोटी हातोडी. पुढची काच दोन थरांची असते, ती फुटत नाही, बाजूची फुटते. पायात बूट, चपला नाहीत.

कुठून जायचं

आपल्याकडची जमीन आधी समजून घ्या. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर पठारावर बसलंय, सिमरोल सोडलं की खंडवा रोड विंध्याच्या कड्यावरून खाली उतरतो. कड्याच्या अलीकडचं पाणी निवांत चंबळेकडे जातं, पलीकडचं सरळ नर्मदेकडे कोसळतं. चोरल त्या पलीकडच्या बाजूची. म्हणून पठारावरचे नाले आणि कड्याखालची नदी यांचा स्वभाव वेगवेगळा आहे. वरचे नाले काळ्या मातीतले, पाणी कमी दिसतं पण काठ म्हणजे लोणी, उतरायला सोपं आणि चढायला अशक्य. खालची नदी बेसाल्टच्या गोट्यांची, तळ कडक पण गोटे शेवाळलेले, आणि पाणी अर्ध्या तासात चढतं.

हे चढणं गंमत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वर महूकडे पडलेला असतो. पातालपाणीला जुलै २०११ मध्ये इंदूरचंच कुटुंब धबधब्याच्या तोंडाशी उभं असताना असंच पाणी आलं आणि वाहून गेलं, इथल्या कुठल्याही घरात विचारा, आठवतं. तेव्हा काठावर पोचलात की पहिलं काम हे, पाण्याच्या कडेला बरोब्बर एक दगड ठेवा आणि पंधरा मिनिटं दुसरं काहीही करा. दगड बुडला तर विषय संपला. पाणी अचानक गढूळ होणं, काड्या-पाचोळा वाहत येणं, आवाज जड होणं, ही पण तीच खूण, अशा वेळी पाण्यात कोणी माणूस असेल तर आधी त्याला हाक मारा.

जागा निवडताना नवीन माणूस हमखास चुकतो. त्याला अरुंद जागा बरी वाटते कारण पलीकडचा काठ जवळ. पण तेवढंच पाणी अरुंद जागेतून जायचं म्हणजे ते खोल तरी असणार नाहीतर जोरात तरी. रुंद, खळखळणारी, खाली गोटे दिसणारी जागा चांगली, ती उथळ असते म्हणूनच खळखळते. काळंशार गुळगुळीत पाणी म्हणजे डोह. वळणावर बाहेरच्या बाजूला खोल, आतल्या बाजूला वाळू. स्टॉप डॅमच्या लगेच खाली अजिबात नाही, वरून पडणाऱ्या पाण्याने तिथे खड्डा खणलेला असतो, वरून दिसत नाही.

रपटा म्हणजे पावसाळ्यात ज्याच्यावरून पाणी वाहतं तो बुटका पूल, त्याच्याबद्दल वेगळं सांगते, कारण लोक नदीला घाबरतात आणि रपट्याला नाही. सिमेंटचा आहे, रोज जातो, वरून फक्त वीतभर पाणी वाहतंय, काय होतं. होतं असं की पाणी उतरत्या बाजूने रपट्याच्या पायातली माती खाते आणि एखादा तुकडा गेलेला असतो. पाण्याखाली कडाही दिसत नाही, आणि गुळगुळीत सिमेंटवर शेवाळ असलं की गाडी बाजूला सरकायला फार जोर लागत नाही. दोन्ही कडांचे दगड किंवा खांब दिसत नसतील तर जायचं नाही. बॅरिकेड लावलेलं असेल तर प्रश्नच नाही, तिथे उभ्या असलेल्या पोलिसाशी हुज्जत घालू नका.

शहरात पाणी साचतं ते आणखी फसवं. खोली गुडघाभर, पण खाली चेंबरचं झाकण उघडं असू शकतं. तिथे काठी घेऊन फिरायची सोय नाही, म्हणून मी दुसऱ्या रस्त्याने जाते, लांब पडला तरी.

आणि हो, गावातल्या माणसाला विचारा. ट्रॅक्टरवाला कुठून जातो ते बघा, चाकोरी दिसते. एकदा एका काकांनी शेतातून ओरडून सांगितलं, "याँ से मत निकालना, उधर बड़ा गड्डा है", मी काठी लावली तर खांद्याएवढी काठी आख्खी आत. फक्त एक लक्षात ठेवा, ट्रॅक्टरचं मागचं चाकच तुमच्या बॉनेटएवढं उंच असतं, त्याचं "आराम से निकल जाएगी" आपल्याला लागू नाही.

पायी जाऊन येणं

ज्या रेषेवरून गाडी नेणार त्याच रेषेवरून पायी जा, एकदा डाव्या चाकाच्या वाटेने आणि येताना उजव्या चाकाच्या वाटेने. दर पावलाला काठी टेकवा, बँड बघा. तळ कसा आहे ते पायाला कळतं, गोटा हलतोय का, पाय रुततोय का. मोठा दगड असेल तर काठावरच्या कुठल्यातरी झाडाची खूण धरा, नाहीतर गाडीत बसल्यावर सगळं पाणी सारखंच दिसतं. पलीकडचा चढ नीट बघा, बऱ्याच गाड्या नदी पार करून काठावरच अडकतात आणि मग मागे सरकत परत पाण्यात.

पाणी गुडघ्याच्या वर असून ओढ जाणवत असेल तर पायी जाऊ नका, आणि जिथे पायी जाता येत नाही तिथे गाडीही नाही. मला ठाऊक आहे यावर लोक हसतात, म्हणे गाडी माणसापेक्षा किती जड. वर हिशोब दिलाय तो परत वाचा.

वेग मोजायला सुकं पान टाका आणि काठाने त्याच्याबरोबर चाला. पान तुमच्या साध्या चालण्यापेक्षा पुढे गेलं तर परत फिरा. भाच्याच्या त्या रविवारी हेच झालं, काठी दुसऱ्या बँडला आणि पान आमच्या पुढे. त्याचं तोंड एवढंसं झालं. आम्ही वर सिमरोलला येऊन भुट्टे खाल्ले आणि घरी आलो. पाऊस थांबला की असे कड्याखालचे ओढे काही तासांतच उतरतात, तेव्हा घाई नसेल तर थांबणं हा पण एक मार्ग आहे, कालाकुंडचा कलाकंद सोबत असेल तर चांगलाच.

उतरण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं

गाडी बंद करून गार होऊ द्या, डिफरन्शियलसाठी, वर सांगितलंच. तेवढ्या वेळात बाकीचं करा. पट्टा आत्ताच मागच्या रिकव्हरी पॉइंटला शॅकलने अडकवा आणि दुसरं टोक वर खिडकीपाशी आणून ठेवा. गाडी फसल्यावर गढूळ पाण्यात डोकं घालून हुक शोधायला कोणालाही मजा येत नाही. पाणी बंपरच्या वर जाणार असेल तर पुढे ताडपत्री ग्रिलवरून खालपर्यंत बांधा, त्याने बॉनेटखाली पाणी कमी शिरतं.

एसी बंद, कारण त्याच्याबरोबर पुढचा पंखा सुरू होतो आणि पंख्याची पाती पाण्यात वाकून रेडिएटरला फाडतात. ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर तेही बंद, नाहीतर गाडी शहाणपणा करून मधेच इंजिन थांबवेल. बिघडली तर इलेक्ट्रिक काच उतरत नाही, म्हणून काचा आधीच खाली. दारं अनलॉक. संथ, खोल पाण्यात मी सीट बेल्ट काढते, चालण्याच्या वेगात बेल्टने वाचवण्यासारखं काही नसतं आणि निघायची वेळ आली तर तोच अडवतो. पोरं, आजी, कुत्रं, सगळे काठावर. गाडीत फक्त ड्रायव्हर.

गिअर फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि संथ, जोरकस गिअर. थारसारख्या गाडीत त्यासाठी थांबून, न्यूट्रलमध्ये लिव्हर टाकावा लागतो, तेव्हा हे पाण्यात गेल्यावर आठवून उपयोग नाही. पहिला किंवा दुसरा, गोटे असतील तर मी पहिला घेते. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्यावर अडकवून ठेवा.

पाण्यात

हा सगळ्यात छोटा भाग आहे, एक-दोन मिनिटांचा.

हळू उतरा, माणूस रमतगमत चालतो तसं. जोरात घातली की पाणी बॉनेटवर चढतं, फोटो छान येतो आणि एअर फिल्टर भिजतो. पुढची चाकं नीट आत गेली की किंचित वेग वाढवा, भरभर चालण्याएवढा, ताशी ५ ते ७ किलोमीटर. आता बंपरच्या पुढे एक लाट तयार होईल आणि तिच्या मागे, म्हणजे इंजिनच्या जागी, पाणी थोडं खाली बसेल. ही लाट आपल्या पुढे ढकलत न्यायची. वेग वाढवलात तर तिच्यावर चढाल, कमी केलात तर ती मागे येऊन बॉनेटखाली भरेल. म्हणून पाय एकसारखा, ना दाबायचा ना सोडायचा. सायलेन्सर पाण्याखाली असला तरी इंजिन चालू आहे तोवर धूर पाण्याला बाहेर ढकलत राहतो, बुडबुड आवाजाला घाबरू नका.

क्लचला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. दाबला की प्लेटच्या फटीत पाणी आणि बारीक गाळ शिरतो आणि मग ती घसरते. गिअर बदलायचा नाही. स्टिअरिंगच्या आत अंगठा अडकवून धरायचा नाही, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग फिरतं आणि अंगठा मोडतं. नजर समोरच्या काठावर, तुम्ही खूण धरलेल्या झाडावर. खाली वाहत्या पाण्याकडे बघत बसलात तर गाडी आपोआप सरकतेय असं वाटतं आणि हात नकळत वळतो. रेषा थोडी तिरपी, पाण्याच्या दिशेने जराशी उतरती ठेवली तर बरं पडतं, म्हणजे पाण्याशी भांडावं लागत नाही, पण काठावरची चढायची जागा जिथे आहे तिथेच आहे, तेव्हा हे उतरण्याआधी ठरलेलं हवं.

चाकं फिरतायत आणि गाडी पुढे जात नाही असं झालं तर गॅस देऊन खड्डा खणू नका. सरळ रिव्हर्स, आलात त्याच चाकोरीने. तेवढ्यापुरता क्लच दाबावा लागतो, चालेल.

बंद पडली तर

आता माझी गोष्ट. जिप्सीच्या दिवसांत एका नाल्यात गाडी बंद पडली. खाली उतरून बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, झाकण ओलं होतं, ओढणीने पुसलं, स्टार्टर मारला, सुरू. त्या दिवसापासून मी स्वतःला फार हुशार समजायला लागले. दोनेक वर्षांनी दादाची डिझेल गाडी घेऊन महूच्या पलीकडे असाच एक नाला, जरा वेगात घातली, मधोमध इंजिन गपकन थांबलं. मी काय केलं असेल? स्टार्टर मारला. "टक्" असा एकच आवाज. परत मारला.

डिझेलला डिस्ट्रिब्युटर नसतो. ते थांबलं होतं कारण त्याने पाणी ओढलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि भिंतीला आपटल्यासारखा थांबतो, मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. किती पाणी लागतं? २.२ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल घ्या, एका सिलिंडरचं माप साधारण ५४५ सीसी, दाब १६ला १ धरला तर पिस्टन वर असताना उरलेली जागा जेमतेम ३६ सीसी, म्हणजे अडीच मोठे चमचे. पेट्रोलमध्ये ही जागा जास्त असते, म्हणून ते जरा सहन करतं, जरा. दादाने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, वहिनीने मात्र बरीच वर्षं कुठल्याही कार्यात विषय काढला.

म्हणून पाण्यात इंजिन थांबलं की किल्लीला किंवा बटणाला हात नाही. गाडी न्यूट्रल, पट्टा वर आहेच, दुसऱ्या गाडीने किंवा ट्रॅक्टरने बाहेर ओढून घ्या. ओढताना पट्ट्यावर मधोमध ओलं पोतं नाहीतर जाड चादर टाका आणि बघे लोक पट्ट्याच्या लांबीपेक्षा लांब. बाहेर आल्यावर एअर फिल्टरचा डबा उघडा. आत कागद कोरडा, डबा कोरडा, तर कारण दुसरं काही असू शकतं. ओला असेल तर गाडी तशीच टो करून न्या. पेट्रोलचे प्लग, डिझेलचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय ती सुरू करायची नाही, मेकॅनिक "एकदा मारून बघू" म्हणाला तरी. मला एकाने तसं म्हटलेलं आहे.

आणि पाणी वाढत असेल, गाडी सरकायला लागली असेल, तर गाडीचा विचार सोडा. दार पाण्याच्या दाबाने उघडणार नाही, खिडकीतून निघा, टपावर चढा, ११२ ला फोन लावा. सॉफ्ट टॉप असेल तर बॉनेटवर. वाहत्या पाण्यात पोहत काठ गाठायचा प्रयत्न हा शेवटचा उपाय.

इन्शुरन्सचंही इथेच सांगून टाकते. साध्या पॉलिसीत पाणी ओढून गेलेलं इंजिन सहसा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं, आणि तेही बंद पडलेल्या गाडीला परत स्टार्टर मारलाय असं दिसलं तर कटकट करतात. पॉलिसी काढून वाचा, पावसाळ्याआधी.

बाहेर आल्यावर

काठ चढल्यावर लगेच थांबू नका, थोडं पुढे जा म्हणजे मागच्याला जागा मिळेल, आणि गाडीचं पाणी चढावर सांडून तो चिकट होणार नाही. मग ब्रेक. ते ओले असताना जवळजवळ नसतातच, विशेषतः मागचे ड्रम, आत पाणी साठून राहतं. सपाट रस्त्यावर हळू चालवत दहा-बारा वेळा हलके दाबा, पकड परत आली की मगच घाट. भेरूघाट चढताना-उतरताना ट्रकच्या मागे हा प्रयोग करायचा नसतो.

फोर-लोमधून बाहेर या, डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर काढून टाका. रेडिएटरमध्ये अडकलेलं गवत, पाचोळा काढा, नाहीतर गाडी पाण्यात वाचून रस्त्यावर तापेल. पायाखालची मॅट उचला, थारला फरशीत पाणी सोडायची बुचं आहेत ती उघडा. नंबर प्लेट आहे का बघा, हसू नका, पाण्याच्या लाटेत ती सगळ्यात आधी जाते.

नदीत गाडी धुऊ नका. खाली कोणीतरी भांडी घासतंय, गुरं पीत असतात, आणि आपल्या गाडीखाली तेल-ग्रीस आहे. नदीच्या पात्रातून उगाच वर-खाली फिरणं पण नको, एकदा पार करायची ती करा. शेताचं कुंपण उघडलं असेल तर बंद करून या. पुढच्या वेळी ट्रॅक्टर त्यांच्याकडेच मागायला जाणार आहोत.

दुसऱ्या दिवशी डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सच्या तेलाची तपासणी. स्वच्छ, सोनेरी किंवा काळसर असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं दिसलं की पाणी गेलंय, लगेच बदला, आणि थोडं चालवून परत एकदा बदला कारण पहिल्या खेपेत सगळं निघत नाही. सांध्यांना ग्रीस. आठवड्याभराने गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली हलवून आणि हाताने फिरवून बघा, बेअरिंगमध्ये गाळ गेला असेल तर आधी बारीक घरघर येते, रस्त्यावर टायरच्या आवाजात ती ऐकू येत नाही.